कमठ्याआधी काडी

एका वस्तुसंग्रहालयाच्या भिंतीवर एक भिल्ली कमठा आणि त्याच्या शेजारी तीन तीर टांगलेले आहेत. खाली पाटी आहे, ‘धनुष्यबाण, सातपुडा’. काही वर्षांपूर्वी मी त्याचा फोटो काढला होता. पुढच्या हिवाळ्यात अक्राणी तालुक्यात गेलो, तेव्हा ऐंशीच्या घरातल्या एका भिल्ल बाबांना तो दाखवला. बाबांनी फोटो डोळ्यांजवळ धरला, तिरांवरून बोट फिरवले आणि म्हणाले, “भाऊ, हे तीर ह्या कमठ्याचे नाहीत.”

कशावरून?

“काडी जाड आहे. कमठा बारका, पोराचा. ही काडी सोडली तर बाजूला जाईल.”

तोवर मी दहा-बारा वर्षे धनुर्विद्येवर मिळेल ते वाचत होतो, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. तो न पडण्याला थोडे कारण आपल्या परंपरेतही आहे. धनुष्यांना आपण नावे दिली : गांडीव, शार्ङ्ग, पिनाक. बाणांची जी नावे तोंडपाठ असतात ती बहुतेक मंत्राने सोडलेल्या अस्त्रांची, किंवा नाराच, भल्ल, क्षुरप्र अशी प्रकारांची. अमुक धनुष्याला कसली काडी लागते, हे कथेत कोणी विचारत नाही. भात्यातून हात मागे गेला की बाण हाती येतो.

कौटिल्य कथाकार नव्हे. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात आयुधागाराच्या अध्यक्षासाठी त्याने यादी दिली आहे. धनुष्ये ताडाची, बांबूची, लाकडाची आणि शिंगाची. दोरीसाठी मूर्वा, रुई, ताग, स्नायू वगैरे. बाण वेणूचे, शराचे, शलाका, दंडासन आणि नाराच. टोके लोखंडाची, हाडाची किंवा लाकडाची. कापण्यासाठी, भेदण्यासाठी आणि नुसता ठोसा देण्यासाठी. ठोसा देणाऱ्या बाणाचा उल्लेख वाचून मला बाबांचा लहानपणचा तीर आठवला. त्याच्या टोकाला लाकडाची गाठ असे. पाखरू फाटू नये, नुसते खाली पडावे म्हणून. पण कोठाराचा हिशेब ठेवणारा माणूस याद्या करतो, जोड्या लावत नाही. कोणत्या धनुष्याबरोबर कोणता बाण, हे अर्थशास्त्रातही नाही.

जोडी का लागते, हे थोडे समजावून सांगायला हवे. दोरी सुटते तेव्हा ती काडीला धनुष्याच्या मध्याकडे ढकलते, पण काडी तर धनुष्याच्या एका कडेला टेकलेली असते. म्हणजे तीर सरळ सुटला तर तो धनुष्याच्या दांड्यावरच घासून भलतीकडे जायला हवा. प्रत्यक्षात तो वाकतो, दांड्याला वळसा घालतो, उलट बाजूला वाकतो, आणि असा माशासारखा वळवळत काही अंतरावर सरळ होतो. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेतले क्लॅरेन्स हिकमन यांनी १९३० च्या दशकात अतिवेगवान चित्रणाने हे डोळ्यांना दाखवले. काडी गरजेपेक्षा ताठ असेल तर उजव्या हाताने ओढणाऱ्याचा तीर डावीकडे जातो, लवचीक असेल तर उजवीकडे. काडी लांब ठेवली किंवा टोक जड केले की ती अधिक लवचीक असल्यासारखी वागते. आज काडीला २६ इंचांवर दोन टेकू देऊन मध्ये २ पौंडांचे वजन टांगतात आणि ती किती वाकली ते मोजतात. बाबांनी हे फोटोवरून मोजले.

जाणकारांचेही यात एकमत नसे. १५४५ साली केंब्रिजचा अध्यापक रॉजर अ‍ॅस्कम याने ‘टॉक्सोफिलस’ हा धनुर्विद्येवरचा इंग्रजीतला पहिला ग्रंथ छापला. तिरांच्या काडीसाठी चालणाऱ्या कितीतरी लाकडांचा त्यात विचार आहे, आणि एक तक्रारही आहे : हल्ली सैन्यासाठी तीर हलक्या अ‍ॅस्पेनचे करतात, ते चांगल्या अ‍ॅशचे असावेत. त्याच वर्षी जुलैत आठव्या हेन्रीचे ‘मेरी रोझ’ हे जहाज पोर्टस्मथजवळ बुडाले. १९८२ मध्ये ते वर काढले. त्यावर १३७ अखंड धनुष्ये आणि साडेतीन हजारांवर तीर मिळाले. त्या तिरांत सर्वाधिक काड्या पॉप्लरच्या, म्हणजे अ‍ॅस्पेनच्याच कुळातल्या निघाल्या. अ‍ॅस्कमची तक्रार खरी होती. त्याचा सल्ला मात्र त्या जहाजापर्यंत पोचलेला दिसत नाही, आणि शंभर पौंडांच्या पुढची ती धनुष्ये रोज ओढणाऱ्यांना त्याची गरज तरी होती का, अशी मला शंका आहे.

धनुष्य, तीर आणि ते निवडणारा माणूस, या तिघांची नोंद एकत्र मिळते असे उदाहरण फार विरळा. मला माहीत असलेले सर्वांत पूर्ण उदाहरण कॅलिफोर्नियातले आहे. ऑगस्ट १९११ मध्ये ओरोव्हिल गावाजवळ एक उपाशी माणूस सापडला. याही जमातीचा तो शेवटचा. आपले नाव त्याने कोणाला सांगितले नाही. ‘इशी’ म्हणजे त्याच्या भाषेत नुसते ‘माणूस’. पुढची जवळजवळ पाच वर्षे, क्षयाने मरेपर्यंत, तो सॅन फ्रान्सिस्कोत राहिला, विद्यापीठाच्या वस्तुसंग्रहालयात. शेजारच्या वैद्यकीय महाविद्यालयातले सर्जन सॅक्स्टन पोप त्याच्याकडे धनुर्विद्या शिकले आणि १९१८ मध्ये त्यांनी ती लिहून काढली.

इशीचा कमठा जुनिपरचा, जेमतेम साडेतीन फुटांचा, पाठीवर हरणाचे स्नायू चिकटवलेला. ताकद पंचेचाळीस पौंडांच्या आसपास. मेरी रोझच्या धनुर्धरांनी त्याला खेळणे म्हटले असते. पण इशी काड्यांवर किती वेळ घालवी ते पाहावे. विच हेझलचे सरळ कोंब तो कापून आणी, जुडी बांधून सावलीत वाळत ठेवी. मग त्यांतल्या निवडक काड्या घेऊन निखाऱ्यांच्या धगीवर एकेक वाक काढी. पुढे वेगळा जोड, त्यावर काचेसारख्या काळ्या ऑब्सिडियनचे पाते, मागे तीन पिसे. पोप यांनी पुढे कातडे ताणून आत गाईचे यकृत भरलेल्या खोक्यांवर तीर मारून पाहिले, तेव्हा ऑब्सिडियन पोलादापेक्षा खोल गेले.

गवताच्या मोठ्या गोल लक्ष्यावर इशीचा नेम फारसा चांगला नव्हता. पाखराएवढी वस्तू ठेवली की सुधारत असे. शिकारीच्या आदल्या दिवशी तो मासे खात नसे, तंबाखू ओढत नसे; सकाळी ओढ्यात आंघोळ करून निघे. मग बोटे ओठांना लावून सशाच्या पिलासारखा आवाज काढी आणि जनावर जवळ येण्याची वाट पाही. इतक्या जवळून मारणाऱ्याला जड धनुष्य कशाला हवे? त्याला हवी होती पहिल्या काही पावलांतच सरळ होणारी काडी. त्याचा सगळा सरंजाम त्या अंतराच्या हिशेबाने ठरला होता.

हे वाचल्यावर मी पुन्हा अक्राणीला गेलो. काडी कशी निवडता, असे विचारले तेव्हा बाबांनी आधी माझाच हात धरून लांब केला आणि खांद्यापासून बोटांपर्यंत पाहिला. मग म्हणाले, “आधी माणूस. मग कमठा. पण कमठा मोडला तर दुसरा करता येतो. चांगली काडी मिळाली तर तिच्यासाठी कमठा तासायचा.” १९७२ च्या कायद्यानंतर शिकार बंद झाली. त्यांच्या घरातला तिरकमठा आता लग्नात आणि मिरवणुकीत निघतो. नातवाने त्यासाठी बाजारातून तीर आणले आहेत, रंगवलेले.

परतताना मी त्या वस्तुसंग्रहालयात थांबलो आणि नोंदवही पाहायला मागितली. कमठ्याची लांबी, बांबू, बांबूचीच दोरी, गाव, मिळाल्याची तारीख, सगळे एका पानावर नीट लिहिलेले होते. तीर दुसऱ्या पानावर होते, नऊ वर्षांनंतरच्या नोंदीत. तिथे एवढेच होते : ‘तीर, नग ३’.