अग्निशमन दल फक्त आग विझवतं का? आणि बंब येईपर्यंत आपण काय करायचं?

दरवर्षी १४ एप्रिलला देशभर अग्निशमन सेवा दिन पाळला जातो. ही तारीख मुंबईची आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया डॉकमध्ये उभ्या असलेल्या ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजाला आग लागली. जहाजात कापसाच्या गाठी आणि सुमारे १,४०० टन स्फोटकं एकत्रच भरलेली होती. आग विझवताना दुपारी चारच्या सुमारास पहिला स्फोट झाला, थोड्या वेळाने दुसरा. त्यात अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले.

मुंबई अग्निशमन दल महापालिकेच्या अखत्यारीत येतं आणि त्याचं मुख्यालय भायखळ्याला आहे. जुने मुंबईकर अजूनही फायर स्टेशनला ‘बंबखाना’च म्हणतात. पण दलाचं काम बंबापुरतं नाही. इमारत कोसळली, झाड पडलं, लिफ्टमध्ये कोणी अडकलं, गॅस गळती झाली, कोणी समुद्रात बुडालं तरी हेच जवान येतात. पतंगाच्या मांज्यात अडकलेल्या पक्ष्यासाठीही शिडी लागते ती त्यांचीच.

मदतीसाठी १०१ किंवा ११२ लावा. मुंबईत महापालिकेचा आपत्ती व्यवस्थापन कक्ष १९१६ वर मिळतो. फोनवर पत्ता सांगताना जवळची ठळक खूण सांगा; काय पेटलंय, कितव्या मजल्यावर आणि आत कोणी अडकलंय का, तेही सांगा. आधी व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकायचा आणि फोन कोणीतरी केलाच असेल असं धरून चालायचं, ही सवय महागात पडते.

मग सोसायटीची जबाबदारी काय?

इथेच खरी गोम आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार इमारतीतली अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत ठेवणं ही मालकाची किंवा भोगवटादाराची जबाबदारी आहे, म्हणजे सोसायटीत सोसायटीचीच. लायसन्सधारक एजन्सीकडून तपासणी करून घेऊन दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये ‘फॉर्म बी’ द्यावा लागतो. कागद जमा होतो, पण पंप खरंच चालतो का, हे बघायला कमिटीतला एखादाच सभासद खाली उतरतो. उंच इमारतीत प्रत्येक मजल्यावर पाणी नेणारी पाइपलाइन असते. तिचा पंप बंद असेल तर जवानांना खालून होज ओढत जिने चढावे लागतात, आणि त्यात जाणारी मिनिटं परत मिळत नाहीत.

जिन्यात ठेवलेल्या सायकली, चपलांचे स्टँड, कुलूप लावलेली गच्ची, गेटसमोर लावलेल्या गाड्या यांचंही तसंच. उंच इमारतींमध्ये सुटकेसाठी मोकळा ठेवायचा ‘रेफ्यूज एरिया’ अडगळीने भरला असेल, तर तो नकाशावरच उरतो.

आगीपेक्षा धूर आधी गाठतो

२९ डिसेंबर २०१७ ला लोअर परळच्या कमला मिल्स आवारातल्या आगीत १४ जणांचा जीव गेला. अनेक जण स्वच्छतागृहात आसऱ्याला गेले होते आणि तिथेच गुदमरले. म्हणून बाहेर पडायचा दुसरा रस्ता हॉटेलात शिरतानाच बघून ठेवावा. हे थोडं विचित्र दिसेल, दिसू द्या.

धूर वर चढतो, त्यामुळे जमिनीलगत वाकून चालावं. लिफ्ट वापरू नये. वीज गेली की ती मध्येच थांबते. दार उघडण्याआधी हाताच्या मागच्या बाजूने चाचपून पाहावं. गरम लागलं तर उघडू नये, फटीत ओला टॉवेल कोंबावा आणि खिडकीतून हाक द्यावी.

कढईतलं तेल पेटलं तर पाणी कधीच ओतू नये, भडका उडतो. गॅस बंद करून झाकण ठेवावं. सिलिंडरच्या गॅसचा वास आला तर रेग्युलेटर बंद करून दारं-खिडक्या उघडाव्यात. कुठलंही बटण दाबू नये, ‘बंद करायचं’ म्हणूनसुद्धा नाही. हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो. गळतीची तक्रार १९०६ वर करता येते, मात्र फोन घराबाहेर जाऊन लावावा.

भिंतीवरचं लाल सिलिंडर वापरायला सोपं आहे: पिन ओढा, नळी ज्वाळांवर नाही तर आगीच्या बुडाशी धरा, मूठ दाबा आणि डावी-उजवीकडे फिरवा. लहान सिलिंडर काही सेकंदांतच संपतं. तेवढ्यात आग आटोक्यात आली नाही, तर ते तिथेच टाकून बाहेर पडावं आणि निघताना दार ओढून घ्यावं.