मालवाहतूक कंपन्यांची हद्द
जुन्या मालवाहतूक कंपन्या आपल्या मुलखापुरत्याच धावत, याचे श्रेय आठवणी सांगणारे बहुधा मालकांच्या मातीवरील प्रेमाला देतात. ते प्रेम खरे असेलही. पण हद्द आखली ती कायद्याने. १९३९च्या मोटार वाहन कायद्यानुसार भाड्याने माल नेणाऱ्या ट्रकला प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाचा परवाना लागे, आणि दुसऱ्या प्रदेशात शिरायचे तर सहसा तिथल्या प्राधिकरणाची प्रतिस्वाक्षरी. रेल्वेचे उत्पन्न राखणे हा त्यामागचा एक ठळक हेतू होता. रस्ता आणि रेल्वे यांच्या स्पर्धेची चौकशी मिचेल-कर्कनेस अहवालाने १९३३मध्येच केली होती. रस्ते खराब, गाड्या दुबळ्या, म्हणूनच पल्ला आखूड होता, असा आक्षेप यावर घेता येतो. सुरुवातीच्या काळापुरता तो मान्यच करावा लागेल. मात्र १९५४पासून जमशेदपूरला टाटा-मर्सिडीज-बेंझचे डिझेल ट्रक बनू लागले, लांबच्या वाटेला पुरे पडणारी गाडी हाती आली, तरी अनेक राज्यांत एकाच कागदावर फिरू देणारा राष्ट्रीय परवाना १९७५मध्ये आला. मधल्या काळात आंतरराज्य करारांनी काही मार्ग मोकळे झाले, पण तेही मोजक्या परवान्यांपुरते. मालकांच्या जिद्दीचे वर्णन करताना या परवान्यांचा हिशेब सुटतो, आणि नाक्यावर तिष्ठणारे चालक-क्लीनरही त्यासोबत सुटतात, ही उणीव मला मोठी वाटते.