वायूची अडलेली वाट

तेर म्हणजे जुने तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात ते पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर असल्याचे सांगितले आहे. येथले कापड गाड्यांत लादून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून, भडोच बंदरी जाई. आता बघा, वखारीत माल कितीही असला आणि वाटेत गाडी रुतली, तर बंदरात काय पोहोचणार? जमिनीखालच्या वायूचीही कधी कधी हीच गत होते.

दाब उतरला की द्रवाची वाफ होते, ही आपली नेहमीची समजूत. पण १८९२ साली हॉलंडमधील क्यूनेन या शास्त्रज्ञाने वायूंच्या मिश्रणात उलटाच प्रकार दाखवला. दाब उतरला आणि वायूतून द्रव सुटले! खोल खडकांतल्या काही वायूसाठ्यांत असेच घडते. विहिरीतून वायू काढू लागले की दाब तिच्या लगतच सर्वांत कमी होतो. तेथे हलके तेल सुटते आणि खडकाच्या बारीक छिद्रांत अडकून बसते. या तेलाला कंडेन्सेट म्हणतात.

सुमात्रा बेटावर १९७१ साली सापडलेल्या अरुण क्षेत्राचेच पाहा. प्रयोगशाळेत तेथल्या वायूतून जास्तीत जास्त १.१ टक्का द्रव सुटले. एवढ्याशा द्रवाने काय होणार, असे कोणीही म्हणेल. पण काही विहिरींची वायू देण्याची शक्ती निम्म्यावर आली. साठा संपला नव्हता, वाट बुजली होती.

मग उपाय काय? हाताचा वंगणाचा डाग नुसत्या पाण्याने जात नाही, रॉकेलने जातो. तसेच येथेही द्रावक हवे. टेक्सास विद्यापीठातील संशोधकांनी मेथॅनॉल निवडले. छिद्रांतले पाणी आणि तेल या दोहोंना ते हुसकून लावते, आणि स्वतः मागाहून वायूबरोबर बाहेर पडते. अमेरिकेतील अलाबामा राज्यात, हॅटर्स पॉन्ड क्षेत्रातल्या एका विहिरीत १,००० पिंपे मेथॅनॉल सोडण्यात आले. त्याचा वृत्तांत २००३ साली प्रसिद्ध झाला. उत्पादन प्रारंभी सुमारे दुप्पट झाले. पुढे ही वाढ ओसरली, तरी ते पूर्वीपेक्षा जास्तच राहिले.

अर्थात हा कायमचा इलाज नव्हे. दाब उतरतच राहतो आणि तेल पुन्हा साचते. म्हणूनच पुढे छिद्रांच्या भिंतींना द्रव चिकटूच नये, अशा रसायनांचा शोध सुरू झाला. तेव्हा श्रोतेहो, विहीर मंदावली म्हणजे ती आटलीच, असे समजून ती सोडून देण्याची घाई बरी नव्हे. आधी तिची वाट तपासून पाहावी.