अबकारीपासून समुपदेशनापर्यंत : व्यसनोपचाराचा इतिहास आणि भोर-वेल्हे परिसर

प्रस्तावना

भोर आणि वेल्हे (आताचा राजगड) हे पुणे जिल्ह्यातील सह्याद्रीच्या कुशीतील डोंगराळ, भातपिकाचे तालुके होत. दारूचा प्रश्न येथे नवा नाही. नवा आहे तो दारूच्या आहारी गेलेल्या माणसाला रुग्ण मानण्याचा दृष्टिकोन. शासन आणि समाज यांच्या लेखी मद्यपी कोण होता, या एका प्रश्नाच्या अनुषंगाने महाराष्ट्रातील व्यसनोपचाराचा मागोवा प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

महसूल, नीती आणि गुन्हा

१८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने दारूचे उत्पादन व विक्री सरकारी नियंत्रणाखाली अधिक घट्टपणे आणली. या व्यवस्थेत मद्यपी हा महसुलाचा स्रोत होता. त्याविरुद्ध पहिला आवाज समाजसुधारकांनी उठविला. पुण्यातील वाढत्या दारू दुकानांविरुद्ध महात्मा जोतीराव फुले यांनी १८८० मध्ये नगरपालिकेकडे लेखी तक्रार केली. १९०८ मध्ये लोकमान्य टिळकांच्या पाठिंब्याने पुण्यात दारूच्या गुत्त्यांसमोर निरोधने झाली. दोघांच्या प्रेरणा वेगळ्या होत्या. परंतु दोघांचेही लक्ष्य दुकान होते. गुत्त्यातून बाहेर पडणाऱ्या माणसाचे पुढे काय करावयाचे, हा प्रश्न त्या काळी फारसा विचारला गेला नाही.

स्वातंत्र्यानंतर ८ मार्च १९४८ रोजी भोर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. त्यामुळे १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा संस्थानी मुलखातील खेड्यांनाही लागू झाला. या कायद्याने मद्यपी गुन्हेगार ठरला किंवा परवानाधारक झाला. आरोग्याच्या कारणास्तव मद्य बाळगण्याचा व सेवन करण्याचा परवाना मिळण्याची तरतूद कायद्यात होती. आरोग्यासाठी मद्याची परवानगी देणाऱ्या या कायद्यात मद्य सोडविण्याच्या उपचाराला मात्र दुय्यम स्थानही लाभले नाही. अभ्यासकांनी या विसंगतीकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही. बंदीच्या काळात गूळ व नवसागर वापरून गाळलेली हातभट्टीची दारू फोफावली. तिचे दुष्परिणाम परवाना काढण्याची ऐपत नसलेल्यांनाच अधिक भोगावे लागले.

रुग्ण म्हणून स्वीकार

अमेरिकेत १९३५ मध्ये सुरू झालेल्या 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' या मद्यपाश सोडू इच्छिणाऱ्यांच्या परस्पर-साहाय्य चळवळीचे काम १९५७ मध्ये मुंबईत सुरू झाले. एका व्यसनी माणसाने दुसऱ्याला आधार देणे हे तिचे सूत्र. वांद्र्याच्या कृपा फाउंडेशननेही १९८१ पासून या क्षेत्रात काम उभे केले. तथापि मराठी मध्यमवर्गाला हा प्रश्न खऱ्या अर्थाने आपला वाटला तो गर्द म्हणजे ब्राउन शुगर आल्यानंतर. डॉ. अनिल अवचट यांनी गर्दच्या व्यसनावर केलेल्या लेखनाने वाचक हादरले. ते वाचून पु. ल. देशपांडे व सुनीताबाई देशपांडे यांनी उपचार केंद्रासाठी आर्थिक साहाय्य देऊ केले. २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात येरवडा मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट या त्याच्या खऱ्या शिल्पकार. १९९७ मध्ये त्यांचे निधन झाल्यावरही केंद्राचे काम वाढतच राहिले.

मुक्तांगणचे वैशिष्ट्य त्याच्या रचनेत आहे. पस्तीस दिवसांचा निवासी उपचार, गटचर्चा, व्यायाम, संगीत, घरी गेल्यानंतरचा पाठपुरावा आणि रुग्णांच्या पत्नींसाठी 'सहचरी' गट अशी ही रचना आहे. पूर्वी स्वतः व्यसनी असलेली माणसे येथे कार्यकर्ते झाली. या पद्धती नियंत्रित प्रयोगांतून आलेल्या नव्हत्या. त्या अनुभवातून घडल्या. त्याच सुमारास पाश्चात्त्य देशांत विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये प्रेरणादायी मुलाखतीची पद्धत मांडली. रुग्णाला दटावण्याऐवजी बदलाची कारणे त्याच्याच तोंडून येऊ द्यावीत, असे तिचे सार. १९९७ मध्ये 'प्रोजेक्ट मॅच' या अमेरिकी अभ्यासात १,७२६ रुग्णांवर तीन उपचारपद्धती तपासल्या गेल्या आणि त्यांच्या परिणामांत फारसा फरक आढळला नाही. त्यानंतर २०२० च्या कॉक्रेन समीक्षेत सातत्याने मद्यमुक्त राहण्याच्या निकषावर बारा पायऱ्यांच्या मार्गाकडे नेणारा पद्धतशीर उपचार इतर प्रस्थापित उपचारांपेक्षा सरस ठरला. स्वमदत गटांविषयी 'हे शास्त्र नव्हे' अशी जी नाके मुरडली जात, त्यांना या समीक्षेने उत्तर दिले.

गोव्यातील पुरावा आणि डोंगरी तालुके

भोर-वेल्ह्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा पुरावा शेजारच्या गोव्यातून आला. 'संगाथ' या संस्थेच्या संशोधकांनी तेथील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत, घातक प्रमाणात मद्यपान करणाऱ्या ३७७ पुरुषांवर समुपदेशनाची चाचणी घेतली. समुपदेशक स्थानिक होते. त्यांना मानसोपचाराचे व्यावसायिक शिक्षण नव्हते, केवळ या कामाचे प्रशिक्षण व देखरेख मिळाली होती. भेटी जास्तीत जास्त चार. २०१७ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के पुरुष घातक मद्यपानातून बाहेर आले होते. केवळ नेहमीची सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण २६ टक्के होते. मागील चौदा दिवसांत मुळीच न प्यायलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ४२ व १८ टक्के होते. मात्र जे पीत राहिले, त्यांच्या पिण्याच्या प्रमाणात समुपदेशनाने फरक पडला नाही. स्त्रिया या चाचणीत नव्हत्या. उत्साहाच्या भरात या मर्यादा विसरल्या जाऊ नयेत.

तरीही या आकड्यांचे मोल अंतराच्या संदर्भात कळते. वेल्हे खोऱ्यातील कुटुंबाला पुण्यातील निवासी केंद्र पन्नास-साठ किलोमीटरांवर आहे. परंतु आषाढात भातलावणी चालू असताना कर्त्या माणसाने पस्तीस दिवस घर सोडणे हे त्याहून लांबचे अंतर आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशात मद्यावलंबी असलेल्या ३८ व्यक्तींपैकी एकालाच कोणता ना कोणता उपचार मिळाला होता. उरलेल्या सदतीस जणांपैकी बहुतेकांची गाठ अन्य दुखण्यांच्या निमित्ताने प्राथमिक आरोग्य केंद्राशी पडत असणार. ताप, पोटदुखी, अपघाताची जखम या कारणांनी तेथे आलेल्या माणसाला जागतिक आरोग्य संघटनेच्या दहा प्रश्नांच्या 'ऑडिट' चाचणीतील प्रश्न विचारणे अशक्य नाही.

या चाचणीत ज्यांचे गुण फार वर जातात, अशा पूर्णपणे मद्यावलंबी झालेल्या रुग्णांचा समावेश गोव्यातील प्रयोगात नव्हता. त्यांना केवळ बोलण्याने बरे करता येत नाही. वर्षानुवर्षांची दारू एकाएकी बंद केल्यास कंप, भास, झटके आणि कधीकधी मृत्यूही ओढवतो; त्यासाठी वैद्यकीय देखरेख, योग्य औषधे व थायमिन हे जीवनसत्त्व द्यावे लागते. गावात 'आजपासून सोडली' असे देवासमोर शपथेवर सांगून घरी पडून राहिलेल्या माणसाला तिसऱ्या दिवशी झटके येतात, तेव्हा शपथ मोडू नये म्हणून घरचे त्याला दवाखान्यात नेण्यास कचरतात. समुपदेशकाने त्या घरात जाऊन पहिली गोष्ट सांगावयाची ती हीच, की दवाखान्यात नेल्याने शपथ मोडत नाही.