डाव्या हातचा मळ

कीबोर्डच्या खालच्या ओळीत, डाव्या कोपऱ्यात झेड, एक्स, सी, व्ही ही अक्षरं एकाला लागून एक बसली आहेत. कॉपीचा सी समजतो. पण 'पेस्ट'मध्ये व्ही आहे कुठे?

हा घोळ लॅरी टेस्लरचा. १९७० च्या दशकात झेरॉक्सच्या 'पार्क' या कॅलिफोर्नियातल्या संशोधन केंद्रात त्याने आणि टिम मॉटने 'जिप्सी' नावाचा टेक्स्ट एडिटर लिहिला. कट-कॉपी-पेस्टला आजचं रूप तिथे आलं. १९८० मध्ये टेस्लर ॲपलमध्ये गेला आणि 'लिसा' या कॉम्प्युटरसाठी ही अक्षरं ठरली. त्याचं स्पष्टीकरण साधं होतं: एक्स म्हणजे खोडल्याची फुली. व्ही म्हणजे उलटं काकपद, राहून गेलेला शब्द ओळीत घालताना आपण काढतो ते. झेड शेजारीच होता, तो अनडूला मिळाला. उजवा हात माउसवर, डावा या चौघांवर. (डावखुऱ्यांनी आपलं बघून घ्यावं.)

गंमत म्हणजे १९८४ च्या पहिल्या मॅकिंटॉशच्या कीबोर्डवर बाणांची बटणंच नव्हती. लोकांनी माउस वापरायला शिकावं म्हणून ती मुद्दाम गाळली होती. शॉर्टकट मात्र मेन्यूमध्येच, कमांडच्या शेजारी छापलेले असायचे. रोज मेन्यू उघडता उघडता ते आपोआप पाठ होतील, असा हिशोब.

पण शॉर्टकटने वेग वाढतो, हे ॲपलमध्येच सगळ्यांना मान्य नव्हतं. तिथल्या ब्रूस टॉग्नाझिनीने १९८९ मध्ये लिहिलं, की लोकांना कीबोर्ड जलद वाटतो, पण स्टॉपवॉच माउसच्या बाजूने कौल देतं. कोणतं बटण दाबायचं हे आठवण्यात दोनेक सेकंद जातात आणि ते गेल्याचं माणसाला जाणवत नाही. प्रोग्रामर मंडळी आजही या वाक्यावर भांडतात. मला वाटतं, नवख्या माणसाबाबत टॉग्नाझिनी बरोबर असेल. फोटोशॉपवर बसलेल्या माणसाबाबत तो चुकतो, आणि त्याचं कारण सेकंदांत मोजता येत नाही.

फोटोशॉप आलं फेब्रुवारी १९९० मध्ये. मिशिगन विद्यापीठात पीएचडी करणारा थॉमस नोल आणि चित्रपटांच्या स्पेशल इफेक्ट्समध्ये काम करणारा त्याचा भाऊ जॉन यांनी ते घडवलं, ॲडोबीने विकलं. १९९४ मध्ये तिसऱ्या आवृत्तीत लेयर्स आले. आता एक काम डोळ्यांसमोर आणा: नवरीच्या मोकळ्या केसांमागची पार्श्वभूमी काढायची आहे. लेयर मास्कवर काळा ब्रश फिरवला की चित्र झाकलं जातं, पांढरा फिरवला की परत दिसतं. एक्स दाबला की काळ्या-पांढऱ्याची अदलाबदल. चौकटी कंसाच्या दोन बटणांनी ब्रश लहान-मोठा. स्पेसबार दाबून धरला की हाताचा पंजा येतो, चित्र सरकवायचं, सोडलं की पुन्हा ब्रश. या सगळ्यात नजर त्या एका बटेवरून हलत नाही. माउस घेऊन टूलबारपर्यंत जाऊन आलात, तर वेळ फारसा जात नाही, पण आपण नेमके कुठे होतो ते हरवतं. खरा तोटा तो.

आपल्याकडे लग्नाचे अल्बम आणि फ्लेक्स करणाऱ्या दुकानांत हे ज्ञान बहुतेक वेळा पुस्तकातून येत नाही. शेजारच्या खुर्चीवरच्या दादाचा डावा हात बघून येतं. 'मार्की' म्हणजे काय हे न विचारता एम पाठ होतो. (एम मार्कीने घेतला, म्हणून मूव्ह टूलला व्ही घ्यावा लागला.) वर्षभरात बोटं इतकी सरावतात, की अमुक कसं केलं असं विचारलं तर माणूस आधी हात हलवून बघतो, मग सांगतो.

आणि हातातलं हे ज्ञान कंपनी एका अपडेटमध्ये मोडू शकते. ऑक्टोबर २०१८ मध्ये ॲडोबीने तेच केलं. तोवर फोटोशॉपमध्ये कंट्रोल-झेड दुसऱ्यांदा दाबलं की पुसलेला बदल परत यायचा. 'आधी' आणि 'नंतर' ताडून बघायला लोक तेच वापरायचे. आता ते मागे मागेच जाऊ लागलं. इतर सगळ्या सॉफ्टवेअरमध्ये तसंच असतं, त्यामुळे तक्रारीला फार जागा नव्हती. पण त्याच वेळी शिफ्टही उलटली. आकार बदलताना प्रमाण बिघडू नये म्हणून लोक वर्षानुवर्षं शिफ्ट दाबून धरायचे. नव्या आवृत्तीत बहुतेक लेयर्सचं प्रमाण आपोआप राखलं जाऊ लागलं आणि शिफ्ट दाबली की ते बिघडू लागलं. म्हणजे ज्याची सवय सर्वांत पक्की, त्याच्याच हातून चेहरे ताणले जाऊ लागले. नव्याने शिकणाऱ्याला काहीच त्रास नाही. बदल तर्काला धरून होता, हे मला मान्य आहे. पण वीस वर्षं सरावलेल्या हाताला तर्क कोण समजावणार? ओरड झाली. अनडूची जुनी रीत निवडायची सोय शॉर्टकटच्या सेटिंगमध्ये होतीच. शिफ्टसाठी तशी चौकट २०१९ मध्ये प्रेफरन्सेसमध्ये आली.

टेस्लर फेब्रुवारी २०२० मध्ये गेला. आयपॅडवर चित्रं काढायच्या प्रोक्रिएटमध्ये झेड दिसत नाही. स्क्रीनवर दोन बोटं टेकवली की अनडू, तीन टेकवली की रीडू. पेन्सिल उजव्या हातात असते, त्यामुळे टेकवणारी बोटं बहुधा डाव्याच हाताची.