केतुबा

ज्यू विवाहांत वर वधूला जो लेख देतो त्याला केतुबा म्हणतात. कोंकणांतून मुंबईस आलेल्या बेने इस्रायल समाजाच्या लग्नांतहि तो मोठ्यानें वाचला जातो. भाषा प्राचीन अरेमाइक, आशय निखळ व्यवहाराचा. पति अन्नवस्त्र देईल. घटस्फोट वा वैधव्य आलें तर पत्नीला त्याच्या मालमत्तेंतून ठरलेली रक्कम मिळेल. तालमूदप्रमाणें कुमारिकेला २०० झुझ, विधवेला १००. वसुलीसाठीं अंगावरचा झगासुद्धां तारण! बायकोला उगाच टाकून देणाऱ्याचा हात आंखडावा, हा शास्त्रकारांचा हेतु.

असें हें कोरडें खत चर्मपत्रावर रंगवून काढण्याची चाल पडली. ऑस्ट्रियांतील क्रेम्स गांवच्या १३९२ च्या केतुब्याचे तुकडे उरले आहेत. त्यांत अंगठी पुढें करणारा वर दिसतो. पुढें १७ व्या-१८ व्या शतकांत इटलींत व्हेनिस, आंकोना, रोम येथें या कलेला बहर आला. भोंवतीं फुलांच्या वेली, पक्षी, कमानी, बारा राशी. आणि मधोमध तो देण्याघेण्याचा मजकूर. हौस इतकी वाढली कीं, आंकोनाच्या ज्यू पंचांना या खर्चावर मर्यादा घालावी लागली. (लग्नाच्या खर्चापुढें पंचांचें कितीसें चालतें, हें आपण जाणतोंच.)

इराणांत इस्फाहानच्या केतुब्यांवर सिंह आणि त्याच्या पाठीमागून उगवणारा सूर्य येतो. मशहदची गोष्ट मात्र निराळी. तेथील ज्यूंना १८३९ मध्यें सक्तीनें इस्लाम स्वीकारावा लागला. त्यानंतर एकाच लग्नाचे दोन लेख होऊं लागले: एक मुसलमानी रीतीचा, चारचौघांना दाखवावयाचा, दुसरा केतुबा, घरांत लपवून ठेवावयाचा.