सीटी अँजिओग्राफी: रिपोर्ट काय सांगतो आणि काय सांगत नाही

मळवली स्टेशनवर उतरून कार्ल्याला एकवीरा आईच्या दर्शनाला निघालेला पन्नाशीतला माणूस पायऱ्या चढताना मध्येच थांबतो. छातीवर दडपण येतं, दोन मिनिटं टेकलं की बरं वाटतं. घरचे म्हणतात, "पित्त झालं असेल." ईसीजी काढला तर तो नॉर्मल. मग डॉक्टर चिठ्ठीवर लिहितात: सीटी कोरोनरी अँजिओग्राफी. हा लेख अशा रुग्णासाठी आणि त्याच्या घरच्यांसाठी आहे. विश्रांतीत काढलेला ईसीजी नॉर्मल आला म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्या मोकळ्या आहेत, असं होत नाही. ही शंका फेडायलाच ही तपासणी असते.

आधी एक महत्त्वाची गोष्ट. बसल्या जागीही दडपण थांबत नसेल, घाम सुटत असेल, दुखणं हातात किंवा जबड्यात जात असेल, तर सीटीची अपॉइंटमेंट घेत बसू नका. पुढच्या लोकलची वाटही पाहू नका. १०८ ला फोन करा. हार्ट अटॅकमध्ये लगेच ईसीजी आणि कॅथ लॅबची सोय असलेलं रुग्णालय लागतं. सीटी ही त्या वेळची तपासणी नव्हे.

तपासणी कशी होते?

हाताच्या शिरेतून आयोडीनयुक्त औषध देतात. बोलीभाषेत त्याला 'डाय' म्हणतात. ते हृदयाच्या धमन्यांत पोहोचलं की ईसीजीच्या ठोक्याशी मेळ घालून मशीन चित्रं घेतं. मनगटातून किंवा जांघेतून हृदयापर्यंत नळी घालावी लागत नाही. अंगभर एकदम गरम वाटतं, लघवी झाल्यासारखं वाटतं. ते नेहमीचं आहे, घाबरू नका. काही सेकंद श्वास रोखायचा असतो.

अडचण अशी की हृदय स्थिर राहत नाही. ठोके जलद असले तर चित्र हलतं, म्हणून ते मिनिटाला ६० च्या आसपास आणण्यासाठी आधी गोळी देतात. दमा असेल तर हे आधीच सांगा, कारण यातल्या काही गोळ्या दम्यात चालत नाहीत. जिभेखाली नायट्रेटही दिलं जातं. आदल्या दोन दिवसांत सिल्डेनाफिलसारखी गोळी घेतली असेल तर संकोच न करता सांगा. दोन्ही औषधं एकत्र आली तर रक्तदाब धोकादायक खाली जातो.

'५० टक्के ब्लॉक' म्हणजे काय?

सगळ्यात जास्त घबराट या आकड्याने होते. सीटीची खरी ताकद 'नाही' म्हणण्यात आहे. चित्र चांगलं आलं आणि धमन्या स्वच्छ दिसल्या, तर छातीतल्या दुखण्याचं कारण मोठा ब्लॉक असण्याची शक्यता फारच कमी उरते. 'आहे' म्हणताना मात्र सीटी थोडी बढाई मारते. धमनीत कॅल्शियम साचलं असेल तर ते चित्रात प्रत्यक्षापेक्षा मोठं दिसतं, आणि अरुंदपणाचा टक्का फुगतो. वयस्कर, मधुमेही आणि किडनीच्या जुन्या रुग्णांत हे विशेष होतं. ३ मिमीपेक्षा लहान स्टेंटच्या आतलंही नीट दिसत नाही.

शिवाय टक्का रस्ता किती अरुंद आहे ते सांगतो, पलीकडे रक्त कमी पोहोचतंय का ते सांगत नाही. त्यासाठी कधी स्ट्रेस टेस्ट लागते, कधी सीटीच्याच चित्रांवरून संगणकाने रक्तप्रवाहाचं गणित मांडतात. म्हणून नुसता रिपोर्ट वाचून "स्टेंट कधी टाकायचा?" असं विचारू नका. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या इस्केमिया या अभ्यासात भारतासह अनेक देशांतले ५,१७९ स्थिर रुग्ण होते. चांगल्या औषधोपचाराबरोबर सुरुवातीलाच अँजिओग्राफी करून स्टेंट किंवा बायपास केल्याने मृत्यू किंवा हार्ट अटॅक कमी झाल्याचं त्यात दिसलं नाही. छातीचं दुखणं मात्र कमी झालं. मुख्य डाव्या धमनीतला मोठा अडथळा ही वेगळी गोष्ट आहे. असे रुग्ण त्या अभ्यासात घेतलेच नव्हते.

मग सीटीचा फायदा कुठे? स्कॉटलंडमध्ये छातीत दुखणाऱ्या ४,१४६ लोकांवर झालेल्या अभ्यासाचे पाच वर्षांचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले. हृदयविकाराने मृत्यू किंवा हार्ट अटॅक येण्याचं प्रमाण नेहमीच्या उपचारांत ३.९ टक्के होतं, तर सीटी जोडलेल्या गटात २.३ टक्के. स्टेंट आणि बायपासचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखंच होतं. फरक पडला तो बहुधा औषधांमुळे. थोडीशी चरबी दिसली तरी लोकांना स्टॅटिनसारखी औषधं वेळेत सुरू झाली. माझ्या मते या तपासणीचा मोठा उपयोग हाच आहे, आणि 'फक्त ३० टक्के आहे' म्हणून रिपोर्ट कपाटात ठेवणारे नेमका तोच गमावतात.

यंत्रंही सुधारली आहेत. पूर्वी एका तपासणीत १० मिलिसिव्हर्टपेक्षा जास्त किरणोत्सर्ग सहज व्हायचा. आता नव्या यंत्रांवर तो बऱ्याचदा ५ च्या आत राहतो. निसर्गातून आपल्याला वर्षाला सरासरी २.४ मिळतोच. २०२१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं फोटॉन काउंटिंग सीटी कॅल्शियम आणि स्टेंटची अडचण कमी करतं, पण अशी यंत्रं अजून मोजकी आहेत.

जाण्यापूर्वी

क्रिएटिनिन तपासून घ्या. किडनी कमजोर असेल तर डायचा धोका वाढतो, आणि मेटफॉर्मिन काही दिवस बंद ठेवायची का हे डॉक्टर ठरवतील. स्वतःहून बंद करू नका. पूर्वी डायची ॲलर्जी आली असेल, तर ती आवर्जून सांगा. कोळंबी खाऊन अंगावर पित्त उठतं म्हणून डाय चालणार नाही, हा मात्र गैरसमज आहे. गरोदरपणाची शक्यता असेल तर तेही सांगा. सकाळचा चहा-कॉफी टाळा, कारण त्याने ठोके वाढतात. गोळीमुळे नंतर गरगरू शकतं, म्हणून मावळातून तळेगाव किंवा चिंचवडकडे तपासणीला जाताना स्वतः दुचाकी चालवू नका, कुणाला तरी सोबत घ्या. परतताना रिपोर्टबरोबर चित्रांची सीडीही मागून घ्या. पुढच्या डॉक्टरांना शक्यतो चित्रंच पाहायची असतात.